पाठमोरं ग्रहण

धुळे, ता. ३ ऑक्टोबर १९९५

ग्रहणाच्या कार्यक्रमाच्या कागदावर 'चहा-फराळाची सोय केली आहे' असं कोणत्या शहाण्याने छापलं? तूच असशील. बी.एस्सी. झालीस, बी.एड. झालीस, पण ग्रहणात माणूस घोटभर पाणीसुद्धा पीत नाही, हे तुला एकाही पुस्तकात सापडलं नाही? तुझा बाप कागद वाचून आधी हसला, मग चिडला, मग तुझ्या आईवर ओरडला. ती बिचारी तेव्हा शेव पाडत होती.

असो. चि. मंदाकिनीस धुरपदाबाईचे अ. आ. मी बरी आहे. गुडघे दुखतात, पण ते कालही दुखत होते. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, माझं अक्षर वाकडं असतं. तुझ्या कागदावरचं सरळ आहे, पण आतला मजकूर वाकडा. तळणाचा वास आला की जी बाई येणार होती तीसुद्धा घरी परत जाईल.

एवढा हट्ट कशासाठी ते कळव. दिवाळीच्या सुटीत लेकीबाळी माहेरी येतात आणि तू जामनेरला पत्र्याच्या शेडमध्ये सूर्य दाखवत बसणार. माया कमी करू नये, एवढंच सांगते.

धुरपदाबाई


जामनेर, ता. ७ ऑक्टोबर १९९५

ती. आजीमायला मंदाकिनीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी शाळेत सगळ्यांदेखत फोडलं, ही माझी दुसरी चूक. पहिली चूक तू म्हणतेस तीच. चहा-फराळावर शाई फिरवायला मुलींना बसवलंय.

हट्टाचं कारण सांगते. दोन वर्षांपासून शनिवारी आमचं आकाश मंडळ त्या शेडमध्ये भरतं. मुलं तारे ओळखतात, भिंगांची दुर्बीण करतात. आता मुली ग्रहण बघणार म्हटल्यावर चार घरांतून तक्रार आली. हेडसर म्हणाले की ग्रहणाच्या सकाळी विद्यार्थ्यांच्या घरच्या तीस बाया शेडमध्ये येऊन बसल्या तर मंडळ चालू राहील, नाहीतर शेडमध्ये मोडकी बाकं ठेवायची आहेत. हजेरीला ते स्वतः वही घेऊन बसणार.

मुलांसाठी काळे चष्मे आणलेत. अडलंय ते बायांचं. माझ्या घरमालकीण शेवंताबाई भजनी मंडळाच्या मुख्य. त्यांची नात माझ्याच वर्गात आहे. त्या निघाल्या तर गल्ली निघेल. चंद्र मधे कसा येतो ते मी त्यांना लिंबू आणि कंदील घेऊन दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मला दोन पेरू दिले आणि सांगितलं की ग्रहण बघायचं नसतं.

काय करू ते सुचव. बाबांना राग सोडायला सांग. तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे.

तुझी,
मंदाकिनी


धुळे, ता. १२ ऑक्टोबर १९९५

लिंबू दाखवून कोणी बाई घराबाहेर काढतं का? चि. मंदाकिनीस अ. आ. आता नीट वाच, आणि हे पत्र शाळेत फोडू नकोस.

ऐंशी सालचं ग्रहण तुला आठवत असेल. तू नऊ वर्षांची होतीस. तुझ्या बापाने खिडक्यांना पोती लावली होती. बठ्ठं घर, लहानथोर सगळे, समोरच्या खोलीत जप करत बसलं आणि मी स्वयंपाकघरात एकटी. तेव्हा आपल्या छपराला पत्रे होते. एका पत्र्याचा खिळा निघालेला होता, त्या भोकातून रुपयाएवढं ऊन जमिनीवर पडायचं. त्या दुपारी मी बघते तर रुपया एका बाजूने कुरतडलेला. मला वाटलं डोळ्यांत काहीतरी गेलं. मग तो निम्मा झाला, मग नखाएवढा. मी त्याच्यापुढे फतकल मारून बसले आणि पुन्हा पुरा गोल होईपर्यंत उठले नाही.

मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या वर्षी घरात ज्याला ज्याला ताप आला तो माझ्या माथी मारला असता. पण मी काही सूर्याकडे बघितलं नव्हतं. मी माझ्या जमिनीकडे बघितलं. त्याला कोणाची मनाई शे ते मला दाखव.

तेव्हा असं कर. शेडच्या पूर्वेच्या पत्र्याला खिळ्यांची भोकं असतील. नसली तर पाडून घे. समोरची भिंत चुन्याने पांढरी कर. बायांना भिंतीकडे तोंड आणि सूर्याकडे पाठ करून बसव. बघायला या म्हणू नकोस, भजनाला या म्हण. ग्रहणात देवाचं नाव घ्यायचंच असतं. शेवंताबाईंना खरं काय ते सगळं सांग. फसवून आणलेली बाई पुन्हा येत नाही.

जिभेवर साखर ठेवून बोल. ती तुला तुझ्या आजीकडून मिळालेली नाही, उसनी आण.

धुरपदाबाई


जामनेर, ता. २६ ऑक्टोबर १९९५

ती. आजीमायला सा. न. वि. वि.

आजीमाय, काय सांगू आणि कुठून सांगू!

शेवंताबाईंना मी सगळं सांगितलं, तुझा रुपयासुद्धा. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. परवा ग्रहण लागलं तेव्हा शेडमध्ये अकरा बाया होत्या. हेडसरांनी अकरा नावं लिहिली, घड्याळ बघितलं आणि वही मिटली. मी बाहेर मुलांना चष्मे वाटत होते.

तेवढ्यात रस्त्यावर टाळ वाजले. आमची गल्ली शाळेच्या पश्चिमेला. शाळेकडे यायचं तर तोंड सूर्याकडे होणार. म्हणून शेवंताबाई उलट्या चालत आल्या! पदर कपाळापर्यंत, सून हाताला धरून खड्डे सांगतेय, आणि त्यांच्यामागे, म्हणजे पुढे, गल्लीतल्या बाया, त्या दोघी धरून पंचवीस, सगळ्या पाठमोऱ्या. एक म्हैस बिचकून बाजूला झाली. गच्चीवरची माणसं ग्रहण सोडून यांनाच बघत होती.

आत आल्या, बसल्या, भजन सुरू झालं. भिंतीवर लिंबाएवढे चाळीसेक सूर्य, सगळे चंद्रकोरीसारखे कापलेले. दुसऱ्या कडव्यात टाळ थांबले. मग जो गोंधळ झाला! प्रत्येकीने एक एक सूर्य आपला म्हणून धरला. तुझं डोकं माझ्या सूर्यावर येतंय म्हणून भांडणं. शेवंताबाईंनी एका भोकावर बोट ठेवून बघितलं, त्यांचा सूर्य गेला. बोट काढलं, आला. त्यांनी हे सात वेळा केलं. हेडसर खुर्ची सोडून भिंतीपाशी उभे होते, त्यांना दोनदा बाजूला व्हायला सांगण्यात आलं.

आणि तरी ग्रहण सुटल्यावर हेडसर म्हणाले की वहीत अकराच आहेत. मी रात्रभर रडले. सकाळी शेवंताबाईंना कळलं. त्या पंचवीसही जणी हेडसरांच्या अंगणात गेल्या आणि म्हणाल्या की आमची नावं लिहा, नाहीतर आम्ही रोज याच वेळी तुमच्या दारात उलट्या चालत येऊ. हेडसरांच्या बायको आतून हसत बाहेर आल्या आणि त्यांनीच वही आणून दिली. सदतीस झाली! त्या स्वतः सदतिसाव्या.

शेड आपली राहिली. शेवंताबाई आता गल्लीत सांगतात की भिंतीवर ग्रहण घ्यायची ही त्यांच्या घरची जुनी रीत आहे. राग मानू नकोस. सुटी संपायच्या आत धुळ्याला येते. तुझं प्रेम असंच राहू दे.

तुझी,
मंदाकिनी


धुळे, ता. ३० ऑक्टोबर १९९५

जुनी रीत! त्या बाईला म्हणावं, तुझ्या घरी रीत होती तर मंदाला दोन पेरू देऊन वाटेला का लावलंस?

चि. मंदाकिनीस अ. आ. शेड राहिली, चांगलं झालं. रडायचं मात्र काही कारण नव्हतं. हेडसर वही मिटतो तर वही उघडता येते.

इथलं ऐक. आपल्या घरावर आता स्लॅब आहे, त्याला भोक नाही. ग्रहणाच्या सकाळी मी चाळणी घेतली आणि सरळ गच्चीवर गेले, सूर्याकडे पाठ करून. पंधरा वर्षांपूर्वी एकच होता, आता जमिनीवर शंभर. तुझा बाप ओरडत वर आला. ओरडून झाल्यावर त्याला दिसलं की माझे हात दुखतायत. मग त्याने चाळणी धरली. सुटेपर्यंत धरली. खाली जाताना मला म्हणाला, मंदाच्या आईला सांगू नकोस. ती जिन्यातच उभी होती, तिने बठ्ठं पाहिलं होतं.

तू ये, पण तुला जे सांगायचं होतं ते तुझं लिहून झालं. या पत्राला उत्तर शेवंताबाईंनी द्यायचं. लिहिता येत नसेल तर हेडसरांच्या बायकोकडून लिहवून घ्यावं. त्यांचा सूर्य भिंतीवर कोणता होता, कोणत्या बाजूने कुरतडला, आणि नखाएवढा झाला तेव्हा त्यांच्या पोटात काय झालं, ते सगळं मला पाहिजे. पंधरा वर्षं हे बोलायला मला एक बाई भेटली नव्हती. आता भेटली आहे, तर तू मधे पडू नकोस.

धुरपदाबाई