फोनवरचा जोशी

शेवगाव, मंगळवार, २१ नोव्हेंबर १९७२

आज पोस्टातलं तारयंत्र टेबलावरून उचललं. आता तारा फोनवरून नगरला सांगायच्या. पोस्टमन कोंडिबा म्हणाला, "बरं झालं साहेब, लई कटकट हुती." त्याला कटकट! मला तो जोशी होता.

नगरच्या टोकाला बसणारा जोशी. इतकी वर्षं यंत्राच्या त्या कडकट्टवरच गप्पा झाल्या, चेहरा कधी पाहिला नाही. शेवटच्या ठोक्याआधी तो जरा थांबायचा. तेवढ्यावरून कळायचं, आज यंत्रावर तोच आहे.

आज पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला. अगदी किनरा. मी मनात चांगला भरदार गडी धरला होता! "नमस्कार, आपण कसे आहात?" म्हणे. तारेवर अरेतुरे करणारे आम्ही, आणि मीही म्हणालो, "आपली कृपा." काय हा बावळटपणा! तार सांगून झाली, शब्द मोजून झाले.

फोन ठेवता ठेवता पेन्सिलीने रिसीव्हरवर आमचा रोजचा निरोप वाजवला. उगीचच. मग तिकडून ठोके आले, आणि शेवटच्या ठोक्याआधी थांबले.

तो ठोका पडायच्या आतच मी ओरडलो, "जोश्या, आहेस होय रे!"