आईचं ‘व्हय’

मंगळवार, संध्याकाळ

नवा फोन घेतलाच कशाला मी? जुना चालत होता की. नुसता स्क्रीनला तडा गेला होता.

आईच्या कानातल्या मशीनला बटण नाही. फोनवरच्या ॲपमधून आवाज वाढवायचा. सेल बदलला की तो पार खाली जातो. आज दुपारी सेल बदलला, आणि नव्या फोनवर ते ॲप काही केल्या येईचना. तशीच नवी पेठेत, फोन घेतला त्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला,

"ताई, ह्याचा प्रोसेसर नवा हाय. ह्यात चौसष्ट बिटचंच चालतंय. तुमचं ॲप जुन्या पद्धतीचं, बत्तीस बिटचं, ते आता न्हाय बसायचं."

ॲप काढणारी कंपनी कधीच बंद पडलीय. दुसऱ्या जुन्या फोनवर टाकावं तर ॲप कुठं मिळतच नाही. होतं ते माझ्या जुन्या फोनमध्ये, आणि तो बदलून देताना दुकानदारानं विचारलं होतं, "सगळं पुसू का?" मी घाईत हो म्हटलं. कशाला म्हटलं?

घरी आल्यापासून आई प्रत्येक गोष्टीला व्हय म्हणतेय. चहा टाकू? व्हय. कुठला डॉक्टर बघू? व्हय. उद्या मी कामावर गेल्यावर कुकरची शिट्टी तिला ऐकू येईल? दारावरची बेल?

जेवण झाल्यावर ताट उचलताना तिच्याकडे नुसतं पाहिलं. तोंडातून शब्दसुद्धा काढला नव्हता मी.

"व्हय," आई म्हणाली.