आत्याच्या ऐंशी काठ्या

तीर्थरूप आउने आत्याच्या दुखऱ्या गुडघ्याला आणि मग बाकीच्या आत्याला, भाचा तुओमो याचा नमस्कार. सूज उतरली का? कॉफी कमी केलीस का? (डॉक्टर चार कप म्हणाले होते, तू सात ऐकलेस.) इकडे हेलसिंकीत मी ठणठणीत आहे. आणि आत्या, मी जिंकलो! साफ जिंकलो! आता सगळं सविस्तर ऐक.

मार्चमध्ये तुझा गुडघा सुजला म्हणून बर्फ मोजायला तुझ्या वाटेवर मला धाडलंस. चार किलोमीटर, ऐंशी खुंट, प्रत्येकाशी काठी रोवून बर्फाची खोली वहीत लिहायची. बत्तीस हिवाळे तू हे करते आहेस. मी पडलो अख्ख्या पृथ्वीची थंडी संगणकात बसवणारा विद्वान. तीन खुंट मोजले, सरासरी काढली, अडुसष्ट सेंटिमीटर आली, ती ऐंशी ओळींत उतरवली आणि सौनात, तुझ्या वाफेच्या न्हाणीघरात, जाऊन बसलो. तू वही उघडलीस, चष्मा कपाळावर चढवलास आणि दारातूनच ओरडलीस, "काय रे, यंदा देवाने पट्टी लावून बर्फ घातला का? ऊठ, परत जा!" (पस्तीस वर्षांचा डॉक्टरेट झालेला माणूस मी, टॉवेलवर बसलेला.)

गेलो. काय करतो! टेकडीवर वाऱ्याने सगळं झाडून नेलेलं, चार सेंटिमीटर. झाडांखाली पन्नास, कारण उरलेला फांद्यांवरच अडकलेला. आणि एकेचाळिसाव्या खुंटाशी, ओढ्याच्या खड्ड्यात, मी काखेपर्यंत आत! पायातली एक स्की, बर्फावर घसरायची पट्टी, तिथेच गेली. तासभर अडकून पडलो तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही पृथ्वीचे शंभर-शंभर किलोमीटरचे चौकोन पाडतो आणि प्रत्येकात बर्फाची एकच खोली भरतो. म्हणजे मी तुझ्या वहीत केली तीच लबाडी, फक्त जगभर! त्यामुळे मे महिन्यात संगणकात आमचा अख्खा चौकोन एका दिवसात उघडा पडतो, जमीन तापते, नद्यांना अवेळी पूर येतो. खरा बर्फ आधी टेकडीवरून जातो, खड्ड्यात शेवटपर्यंत दडून बसतो. कसाबसा वर आलो, उरलेले खुंटही मोजले आणि तुझ्या वाटेच्या त्या ऐंशी आकड्यांवरून मी त्याचा नियम बांधला.

आमचा पेंट्टी (शेजारच्या टेबलावरचा, सरासरीचा परमभक्त) म्हणाला, "आता तुझ्या आत्याला विचारून जग चालवायचं का?" नियम चुकला असता तर आमचे साहेब माझं काम बंद करून मला पेंट्टीच्या हाताखाली देणार होते. मागचे सात वसंत चालवून पाहिले. जुन्या हिशेबात सहा मेला सगळं कोरडं. उपग्रहाच्या चित्रांत सरासरी पंचवीस मेपर्यंत बर्फाची ठिगळं. माझ्या नियमात तेवीस! पेंट्टीने स्वतःच्या हाताने दालचिनीचा शेवटचा पाव माझ्या बशीत ठेवला. आमच्या कचेरीत याहून मोठं पदक नाही. आत्या, मला रडूच आलं गं.

तुझा (या खेपेला आसवांनी न्हाऊन निघालेला) तुओमो
दोन मे

ता. क. : आनंदाच्या भरात साहेब म्हणाले, "आता नियमच सगळं सांगतो, मग म्हातारीची वाट कशाला? बंद करा." उभा राहिलो आणि सांगितलं, हा नियम एका मार्चचा आहे. पुढच्या वर्षी वारा फिरला तर चूक कोण पकडणार? साहेब म्हणाले, "पण त्या गुडघ्याने चालणार कोण?" विचार करायच्या आत माझा हात वर गेला होता. वाट वाचली. दर महिन्याला मी येतो आहे, सौना तापवून ठेव.

ता. क. दुसरा, आणि खरं काम हेच : जपून ठेवायला त्यांनी तुझ्या सगळ्या वह्या मागवल्या आहेत. ते ऐंशी अडुसष्टांचं पान तेवढं फाडून टाक. (फाडणार नाहीस, ठाऊक आहे मला. निदान खालचं माझं नाव तरी खोड.)

ता. क. तिसरा : माझ्या नियमाप्रमाणे ओढ्याच्या खड्ड्यातली ती स्की एकोणीस मेला दिसायला हवी. दिसली तर पेंट्टीला फोन कर. नाही दिसली तर मला.