मोएलागीने लोसाच्या घरी राहावे म्हणून

हे लिहायला फार उशीर केला, त्याबद्दल सर्वांनी, आणि विशेषतः माझी मुलगी तालीता हिने, मला माफ करावे. दर रविवारी प्रार्थनेनंतर लिहू म्हणत होतो आणि दर रविवारी तापल्या दगडांच्या भट्टीतले जेवण जेवून झोपत होतो. परवा दवाखान्यातल्या बाईंनी छातीला नळी लावून ऐकले आणि काहीच बोलल्या नाहीत. बाई एरवी फार बोलतात. म्हणून आज बसलो.

मी, पेसामिनो लेइलुआ, वय त्र्याहत्तर, धंदा होड्या बांधणे, शिक्षण पाचवीपर्यंत, राहणार वाईतोलू, सवाई बेट, सामोआ, देवाला स्मरून सांगतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. अक्षर कापरे आहे ते वयामुळे, भीतीमुळे नव्हे. थोडे भीतीमुळेही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. नात मोएलागी शेजारी बसून माझ्या चुका काढते आहे, तो दबाव धरू नये.

पहिले, जमीन. ती कुटुंबाची आहे, माझी नाही, म्हणून मी ती कोणाला देऊ शकत नाही. हे मला माहीत आहे. पुतण्या सेफो याने ते मला आणखी समजावू नये. सरदारकीचेही, म्हणजे कुटुंबाच्या प्रमुखपदाचेही, तसेच. माझ्यामागे कुटुंबाने बसून नवा सरदार निवडावा. सेफोला निवडायला माझी हरकत नाही, फक्त समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत थांबायला त्याने आधी शिकावे.

दुसरे, हत्यारे. माझ्या बापाची तासणी, दोन्ही रंधे, पटाशा आणि शेडमधली अर्धवट बांधलेली होडी सेफोला. त्याचा हात चांगला आहे. मात्र मोएलागी नवी नवी आली होती तेव्हा तो म्हणाला होता, "काका, दोरीनं बांधा कार्टीला, आपोआप सुधारेल." ते मी विसरलेलो नाही. हत्यारे देतो आहे, दोरी देत नाही.

बँकेत जे असेल त्यातून मयतीला लागेल तेवढेच घ्यावे. मयत लहान करावी. तालीता ऑकलंडात राहते; तिने तिथे कर्ज काढून मयतीत वाटायला माशांच्या डब्यांचे खोके आणू नयेत. मी ते खाणार नाही. उरेल ते मोएलागीच्या शिक्षणाला.

तिसरे मोएलागीबद्दल. खरे तर एवढ्यासाठीच सगळे लिहायला घेतले. ती तालीताची मुलगी, वय अकरा. पाच वर्षांची असताना इथे आली. ऑकलंडात तिने खिडकीतून ताटल्या फेकल्या, एका शाळेने घरी पाठवले, मग दुसऱ्या शाळेने. तालीता रात्रपाळी करायची. विमानतळावर ती मला म्हणाली, "बाबा, थोडे दिवस ठेवा. मी मोडून जाईन." त्याबद्दल माझ्या मनात राग नाही, कधी नव्हता.

सुरुवातीला मोएलागी माझ्या खांबांवरच्या घराखाली राहत असे. कोणी ओढून बाहेर काढले तर चावायची. माझ्या मनगटावर खूण आहे. पाहुण्यांना ती स्वतःच दाखवते. आणि डोके म्हणाल तर असे की सभेतले वक्त्याचे भाषण बाहेर पालथे पडून ऐकायची आणि घरी येऊन सगळे म्हणून दाखवायची, मधल्या खोकल्यासकट. आठव्या वर्षी तिला साऱ्या तालुक्याच्या वंशावळी पाठ होत्या. मी सरदार असून मला चारचौघांत नमस्काराचे रीतीचे शब्द म्हणतानाही अडखळायला होते. हे तिच्यात कुठून आले, देव जाणे.

गेल्या वर्षी एका मयतीत गावाच्या वतीने बोलणारा वक्ता सोलोमोना काठी टेकून उभा होता, मृताचे पूर्वज सांगत होता. पोरांमधून मोएलागी ओरडली, "तालाआवे राहिल्या!" त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा ते नाव सोडले. "परत राहिल्या! तुम्हाला येत नाही!" एका बाईने तिचा हात धरून ओढला. ओढायचे नसते. तिने त्या बाईला चावा घेतला, पळत जाऊन सोलोमोनाची काठी हिसकावली आणि दगडावर आपटून मोडली.

वक्त्याची काठी म्हणजे त्याचा मान; भाषण चालू असताना ती मोडल्यावर आमच्याकडे माफीचा एकच रस्ता उरतो. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी बारीक विणीची चटई डोक्यावरून घेतली आणि सोलोमोनाच्या घरासमोर जाऊन बसलो. घरधनी चटई उचलून माफी देईपर्यंत उठायचे नाही. तो कोयता घेऊनही येऊ शकतो. सगळे गाव बघत होते. ऊन चढले, तरी तो येईना. तेवढ्यात चटई हलली आणि मोएलागी आत शिरली.

"आजोबा, इथे केवढं उकडतंय!"

"गप. इथे बोलायचं नसतं."

"काठी मी मोडली. मग तुम्ही का बसलात?"

"तू माझी आहेस म्हणून."

 मग चटईखालूनच तिने सोलोमोनाच्या घराण्याची बिरुदे म्हणायला सुरुवात केली, मोठ्याने, खणखणीत, रीतीप्रमाणे, मोठ्या घरापासून धाकट्यापर्यंत. माफी मागणाऱ्याने तशीच सुरुवात करायची असते. ते काम माझे होते आणि मला पहिले बिरुदच आठवेना.

चटई उचलली गेली. "आत म्हातारा आहे की पोपट?" सोलोमोनाने विचारले.

"दोघंही," मोएलागी म्हणाली.

कोणीतरी हसले. सोलोमोना हसला नाही. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "अगं भवाने, तालाआवे मला ठाऊक नाहीत होय? त्यांचं नाव निघालं की त्या घरात जमिनीचं भांडण पेटतं. मढं घरात होतं. म्हणून गाळलं."

"येत असून गाळलं?"

"म्हणायला पाठांतर पुरतं. गाळायला अक्कल लागते."

मी तिला इतके शांत कधी पाहिले नव्हते. मग ती हळूच म्हणाली, "आणखी कोणकोणती गाळायची असतात?"

"उद्या ये. जेवून ये. आणि काठीसाठी लाकूड घेऊन ये."

लाकूड मी दिले. तेव्हापासून ती रोज त्याच्याकडे जाते. सुधारली असे मी म्हणणार नाही; गेल्याच महिन्यात शाळेची खिडकी फुटली. पण सोलोमोनाची बायको लोसा तिला घाबरत नाही. पहिल्याच आठवड्यात मोएलागीने ताटली उचलली तेव्हा लोसा म्हणाली, "थांब गं बाई, ती माझ्या लग्नातली आहे. ही घे," आणि नारळाच्या करवंट्यांची टोपली पुढे केली. आता घरामागे करवंट्यांचा ढीग असतो. राग आला की ती तिथे जाते, फोडते, परत येते, कोकोभात खाते. कोणी काही विचारत नाही.

म्हणून माझी इच्छा अशी की माझ्यामागे मोएलागीने लोसा आणि सोलोमोना यांच्याकडे राहावे. दोघांनी ते कबूल केले आहे. तालीता फोनवर म्हणाली की बाबांनंतर मी तिला ऑकलंडला नेईन. तिची माया मला कळते, पण तिथे रात्रपाळी आहे, चौथा मजला आहे आणि करवंट्या नाहीत. तिथे ती पुन्हा खिडकीपाशी उभी राहील, याची मला धास्ती वाटते.

ती कुठेही राहो, एवढे पाळावे. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजण्याआधी तिला सांगावे, नाहीतर ती दचकते. हाताला धरून ओढू नये. डोक्यावरून हात फिरवू नये, प्रेमाने सुद्धा. मारू नये. रागात असताना प्रश्न विचारू नयेत. शांत झाली की एखादी वंशावळ विचारावी. चुकीची विचारली तर आणखी बरे, तिला दुरुस्त करायला आवडते.

सोलोमोनाचे नाव आत आहे म्हणून त्याला साक्षीदार करता येत नाही, असे शाळेचे गुरुजी म्हणाले. तो रुसला आहे. त्याची समजूत लोसाने काढावी.

वरील सर्व मी लिहिले, वाचून पाहिले, मला मान्य आहे.

सही: पेसामिनो लेइलुआ

साक्षीदार: १) इआकोपो तुइमाना, शाळेचे गुरुजी (सही)
२) फामोआना सेउ, परिचारिका (सही)

वाईतोलू, सवाई. १८ ऑगस्ट २०१६.

तालीता, मुलगी तुझी आहे. तुझ्या होकारावाचून तिसरे कलम म्हणजे नुसती म्हाताऱ्याची इच्छा. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही, पण मग तिला घ्यायला तू स्वतः ये, दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस. लोसाने आपल्या घरात वाऱ्याच्या बाजूच्या खांबापाशी तिचे अंथरूण घातले आहे, आणि ते ठेवू की गुंडाळू, असे मला रोज विचारते. मी काय सांगू? लवकर कळव.