वाऱ्याखालच्या खळ्याला विचारून

आई,

मी तुझा थोरला मुलगा. नाव तूच ठेवलेस, ते तुला लिहून कळवण्याचे कारण नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, वयाने पंचावन्नच्या पुढे, पवनचक्क्यांतून वीज निर्माण करणाऱ्या एका कंपनीचा लेखाप्रमुख, राहणार अंबरनाथ पूर्व. उद्या सकाळी उल्हासनगरच्या कार्यालयात एका निवेदनावर मी सही करावी अशी अपेक्षा आहे, आणि ती मी करणार नाही. हे आधी कोणाला तरी सांगावे म्हणून लिहितो. घरात सांगितले तर निवृत्तीनंतरच्या मुदतवाढीचा विषय निघेल. तो तुझ्याकडे निघणार नाही.

तू होतीस तेव्हा आमचे शेठ उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका गाळ्यात विजेच्या मोटारी दुरुस्त करून देत, आणि मी संध्याकाळी त्यांच्या वह्या लिहायला जात असे. ‘सिंधी माणूस आहे, जेवल्याशिवाय सोडणार नाही,’ असे तू म्हणायचीस, आणि ते खरे ठरले. त्याच माणसाने पुढे घाटावरच्या एका पठारावर पवनचक्क्या उभ्या केल्या. आता विस्तार करायचा आहे. पठाराच्या पश्चिम कडेला नवी रांग उभी राहायची आहे आणि त्यासाठी बँकेचे कर्ज मंजूर झाले आहे. बँकेची अट एवढीच, की आसपास राहणाऱ्यांना विचारून काम होत आहे असे लेखाप्रमुखाने लिहून द्यावे. पवनऊर्जेवर माझा विश्वास आहे. हा विस्तार व्हावा असेच मला वाटते, हे तुला आधी स्पष्ट केलेले बरे.

सही करण्यापूर्वी जागा स्वतः पाहावी म्हणून मी गेल्या आठवड्यात पठारावर गेलो. पश्चिमेच्या शेवटच्या दोन चक्क्यांच्या जागेजवळ एक लहान वाडी आहे. तिथल्या कोणाचीही जमीन कंपनीने घेतलेली नाही, म्हणून त्यांच्याकडे कोणी गेलेच नव्हते. एका घरात मला पाणी दिले. चुलीपाशी बसलेली बाई तुझ्याच अंगलटीची, पण बोलायला तुझ्याहून मोकळी. पूर्वेला कंपनीची जुनी पवनचक्की आहे, सूर्य तिच्या मागून वर येतो आणि फिरत्या पात्यांची सावली दारातून थेट चुलीवर पडते. ती म्हणाली, “सकाळच्याला भाकरी थापाया बसलं की उजेड-अंधार, उजेड-अंधार. तवा दिसतोय, न्हाई दिसत. आता मावळतीलाबी लावनार म्हनं. म्हंजी दोन्ही वक्ताला दिवा लावूनच रांधायचं का?” मी विचारले, हे तुम्ही कंपनीच्या माणसांना सांगितले का. तिने हसून माझ्याकडे पाहिले. “तुमीच पयले आलाय. आन् तुमी तर पानी प्यायला आलाय.”

परतीच्या वाटेवर मला आपले बदलापूरपलीकडचे खळे दिसत होते. भात झोडून झाले आहे, रास पडली आहे, आणि दोन दिवस पान हलत नाही. तू पदर खोचून उंच तिवईवर उभी आहेस, टोपली भरलेली, तोंड वाऱ्याकडे. आपल्या गावात वाऱ्यावर भात उपणायला सुरुवात करण्याआधी वाऱ्याखालच्या खळ्याला हाक घालायची रीत होती: “उपनू का?” आणि तिकडून “दम धरा, झाकताव,” असे उत्तर आल्याशिवाय टोपली कलती करायची नाही, कारण आपला भुसा त्यांच्या साफ भातावर जाऊन पडतो. त्या दिवशी दुपारी वारा एकदम सुटला. तू पाणी प्यायला उतरली होतीस. काका तिवईवर चढले आणि त्यांनी हाक न घालताच उपणायला घेतले. शेजारची पिवळी रास बघता बघता भुशाने भरून गेली. तू आवाज चढवला नाहीस. “भावजी, वारा काय तुमच्या एकल्यासाठी सुटलाय?” एवढेच विचारलेस. मग सूप उचलून शेजारच्या खळ्यात गेलीस आणि त्यांचे भात पुन्हा पाखडत बसलीस. आपली रास तशीच पडून राहिली. संध्याकाळी वारा पडला तो चार दिवस आलाच नाही, आणि त्या चारही दिवसांत घरातल्या प्रत्येकाने तुला ते ऐकवले. तू भाकऱ्या वाढत राहिलीस. आपली चूक झाली असे तू एकदाही म्हणाली नाहीस. ते मला अजून दिसते.

परवा हे सगळे मी शेठना सांगितले, खळ्याचे सोडून. त्यांनी शांतपणे ऐकले आणि चहा मागवला. “साईं, जमीनवाल्यांना पैसा दिला. अंतर नियमात आहे. परवानगी आहे. अब सावली का भी भाडा देऊ क्या?” मला हसू आले, त्यांनाही आले. मग ते हसायचे थांबले. काम लांबले तर पावसाळ्यातला जोराचा वारा हातचा जाईल, एक अख्खा हंगाम बुडेल, हे त्यांनी मला समजावले. ते मला ठाऊक आहे, तो हिशेब मीच मांडला होता. मी म्हणालो, बाकीची रांग उभी करू, या दोन चक्क्यांपुरते थांबू, वाडीत जाऊन बसू, आणि नको म्हणाले तर वाडीपासून दूर, पठाराच्या आत सरकवू. तिथे वारा थोडा कमी आहे, पण आहे. “और सही?” त्यांनी विचारले. विचारले आहे असे त्यात लिहिले आहे, आणि विचारलेले नाही, असे मी सांगितले. त्यांनी चहा संपवून कप बशीत ठेवला. “उद्या नाही, सोमवारी दहा बजे. तू नाही केलीस तर दुसरा करेल. फिर तेरी कुर्सी का भी सोचना पडेगा. इतने साल का साथ है, म्हणून आधी सांगतो.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त जड गेले.

तो सोमवार उद्या आहे. बँकेला द्यायचे वाक्य मी बदलून ठेवले आहे: वाडीतील कुटुंबांना अद्याप विचारलेले नाही. खाली सही केली आहे. हे निवेदन शेठच्या हातात देईन. ते त्यांनी पुढे पाठवायचे की माझी खुर्ची काढायची, हे त्यांनी ठरवावे.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. उद्या आवाज बसू नये म्हणून आज दुपारी गच्चीवर जाऊन बोलण्याचा सराव केला. ठरवलेली वाक्ये नीट आली. मग एकटाच आहे असे समजून मी मोठ्याने “उपनू का?” अशी हाक घालून पाहिली. पलीकडच्या गच्चीवर एक बाई पापड वाळत घालत होती. तिला शब्द कळला नसावा. तरी तिने माझ्याकडे पाहिले, आणि पापडांवर ओढणी टाकली.

तुझा,
थोरला
अंबरनाथ पूर्व
रविवार, मार्गशीर्ष