पुनरुक्ती म्हणून खोडलेलं

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
ता. ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय रूपाली,

सप्रेम जयभीम. अतुलरावांना आणि बाळाला आशीर्वाद. इथं माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण बसनं गुलमंडीपर्यंत जाऊन येतो. तुझी केसरआत्या दर रविवारी छावणीतून डबा घेऊन येते आणि मी वाळलो म्हणून माझ्यावरच डाफरते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

आईच्या पहिल्या स्मृतिदिनाचं कार्ड छापायला टाकलंय. काल प्रेसमध्ये त्याचं प्रूफ तपासलं. चौतीस वर्षं जिथं प्रुफं वाचली, तोच प्रेस, तेच टेबल. कार्डावर 'दुःखद निधन' असं होतं. माझा हात सवयीनं 'दुःखद'वर गेला. निधन काय सुखद असतं का, असं मी किती गिऱ्हाइकांना सुनावलं असेल. एकदा सांगून झालेलं पुन्हा सांगायचं ती पुनरुक्ती, हे तुला मीच शिकवलं. पिवळा पीतांबर, गाईचं गोमूत्र. तू शाळेत बाईंचीच चूक काढून आलीस तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसली होती. तिला तो शब्द लई आवडायचा. मी दुसऱ्यांदा चहा मागितला की म्हणायची, पुनरुक्ती झाली वो.

काल मी 'दुःखद' खोडलं नाही. पेनाला टोपण लावून घरी आलो.

तू कार्यक्रमाला येणार नाहीस, हे आत्याकडून कळलं. आईचा फोटोही भिंतीवरून उतरवलास म्हणे. तुझं म्हणणं, मी रोज फोन करत होते, तरी आईनं पोटातल्या दुखण्याचा एक शब्द काढला नाही, मला परकी समजली. तिला निरोप देऊन आल्यावर तू मला विचारलं होतंस, "अप्पा, तुम्हालाबी नाही सांगितलं?" मी नाही म्हणालो.

रूपाली, मी खोटं बोललो.

ती जायच्या आधीच्या ऑगस्टमध्ये तिनं मला सांगितलं होतं. सकाळी भाकरी थापताना म्हणाली, पोटात कळ येती. मी म्हटलं, ओवा खा. दुसऱ्या दिवशी तेच म्हणाली, तिसऱ्या दिवशीही तेच. मी पुढ्यात एका जाड पुस्तकाची प्रुफं घेऊन बसलो होतो. चौथ्या दिवशी वैतागून म्हणालो, "मालन, पुनरुक्ती झाली. एकदा सांगितलं ते कळलं मला. आता रूपालीच्या कानाला हेच लावत बसू नकोस, तिचं बाळ लहान आहे."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "बरं. खोडा मग."

त्यानंतर तिनं कुणाजवळच ते काढलं नाही. तुझ्याजवळ काढलं नाही, कारण मी नको म्हणालो होतो. नोव्हेंबरात ती मोरीत कोसळली तेव्हा दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने आधी आणायला हवं होतं. तीन महिने आधी म्हणजे कधी, ते मला तिथं उभ्या उभ्या समजलं. तुला सांगायची हिंमत झाली नाही. तू आईवर चिडलीस तेव्हा मी आतून सुटलो, खरं सांगतो. माझ्यावरचा राग तिच्या वाट्याला गेला आणि मी तो जाऊ दिला, वर्षभर. मेलेल्या बाईच्या पदराआड लपलो.

ती रोज तेच सांगत होती, कारण रोज दुखत होतं. कालच्या दुखण्याचं ती बोलतच नव्हती गं. एवढं मला कळलं नाही.

रविवारी, २२ तारखेला, सकाळी दहाला घरी बुद्धवंदना आहे. तू ये. आईसाठी ये. माझं तोंड बघवणार नसेल तर मी त्या दिवशी छावणीत आत्याच्या घरी जाऊन बसतो, तू आल्या-गेल्याचं बघ. फक्त तिचा फोटो पुन्हा भिंतीवर लाव. तिनं तुला परकी केलं नाही, मी केलं.

खाली 'अप्पा' लिहायचा धीर होत नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो.

सांडू