वेलाखालची फळं खाऊ नका

मम्मा व्हर्लीन,

मेपॉपच्या, आपल्या त्या रानटी पॅशनफ्रूटच्या, वेलाखाली पडलेली फळं आता उचलू नका, आणि सवयीने तिथेच दातांनी फोडून चोखू तर मुळीच नका. काल तुम्ही चर्चला गेल्यावर मी वेलावर कीटकनाशक मारलं. पानं, फुलं, फळं, सगळ्यावर.

ओसरीच्या कठड्याखाली तुमच्या केशरी अळ्या पडलेल्या दिसतील. झाडायला केरसुणी घेतली होती, पण हात चालला नाही.

"पानं त्यांची, फळं आपली. वेलाला दोन्ही लेकरं पोसता येतात, जावईबापू, तुम्ही मध्ये पडू नका," असं तुम्ही हसत म्हणाला होतात. तरी कुरतडलेली पानं बघून मी घाबरलो. वाटलं, यंदा तुमची जेली व्हायची नाही. आता ती माझ्यामुळेच व्हायची नाही. आणि फुलपाखरं निघायची वाट बघत तुम्ही रोज खुर्ची टाकून बसता, तो कोपराही मीच ओस पाडला.

न्याहारीला तुमच्यासमोर बसायचं तोंड नव्हतं, म्हणून लवकर निघालो. तुमच्या लेकीला, लोरेटाला, यातलं काही माहीत नाही. रागवायचं तर मला रागवा.

टेबलावर बरणी आहे, झाकणाला भोकं पाडली आहेत. आत ओढ्याकाठी रानात वाढलेल्या मेपॉपची पानं आहेत, त्यांवर कुणी काही मारलेलं नाही. त्या पानांत एक अळी आहे. आपलीच, दाराच्या चौकटीवर चढून वाचलेली. आणखी अळ्या मिळतात का बघायला मी परत ओढ्यावर चाललोय.

हे लिहिताना ती पान खात होती. तेवढं बघा.

डेलरॉय